उभ्या नदीचा खटला

दोन राज्यांच्या मध्ये एक नदी उभी होती. आटली नव्हती, गोठली नव्हती, नुसती उभी होती. लाट उचललेली ती उचललेलीच, भोवरा गरगरता गरगरता थांबला तो थांबलाच. काठाशी पाणी प्यायला वाकलेली म्हैस अजून वाकलेलीच होती. नदीचे नाव वेल्हाळा. ती अशी का उभी राहिली ते ऐकण्यासारखे आहे, म्हणून सांगतो. मध्येच कोणी जांभई देऊ नये.

या तीरावर राजा भद्रकेतू, त्या तीरावर राजा वज्रबाहू. भद्रकेतूची प्रजा रंगाऱ्यांची. कापड निळीत बुडवावे, घाटावर खळखळून धुवावे, उन्हात वाळवावे, हा त्यांचा धंदा. वज्रबाहूची प्रजा पानमळ्यांची. घाटाच्या खालच्या अंगाला बंधारा घालावा, पाटाने पाणी न्यावे, विड्याच्या पानांचे वेल चढवावे, हा त्यांचा धंदा. नदी एक आणि राजे दोन, म्हणजे कायदे किती होणार ते तुम्हीच पाहा. वज्रबाहूने फर्मान काढले, की नदीत रंगीत कापड बुडवू नये. भद्रकेतूने फर्मान काढले, की नदीत दगडावर दगड ठेवू नये. एकाने सांगितले, नावाड्यांनी वल्हे उजव्या हाताने मारावे. दुसऱ्याने त्याच दिवशी सांगितले, डाव्या हाताने मारावे. बिचारे नावाडी नदीच्या मधोमध आले की हात बदलत आणि दोन्ही राजांच्या नावाने बोटे मोडत.

होता होता प्रकरण तटस्थनाथाकडे गेले. हा मोठा मांत्रिक आणि मोठा न्यायाधीश. दोन्ही राज्यांच्या पलीकडे, सात डोंगर ओलांडून, एका गुहेत त्याचे न्यायासन होते. तो जे बोले ते जागच्या जागी घडे, म्हणून त्याच्या हुकुमाला शिपाई लागत नसे.

आता या दोन राज्यांची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचे समजायचे नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे कानांवर पडले, की ते निम्मे मान्य केले असे तिथे धरत. म्हणून समोरचा वकील उभा राहिला की वादी कानांत कापसाचे बोळे घाली. राजांसाठी तर मऊ, पिंजलेला, अत्तरात भिजवलेला कापूस असे. दोन्ही राजांनी जन्मात एकमेकांचे एक अक्षर ऐकले नव्हते, आणि दोघांनाही त्याचा भारी अभिमान होता.

तर एके दिवशी सकाळी भद्रकेतूचा वकील गुहेत गेला आणि म्हणाला, "महाराज, निकाल लागेपर्यंत पलीकडच्यांना नदीला हात लावू देऊ नये." तटस्थनाथ म्हणाला, "जैसे थे." दुपारी वज्रबाहूचा वकील गेला आणि म्हणाला, "महाराज, निकाल लागेपर्यंत पलीकडच्यांना नदीला हात लावू देऊ नये." तटस्थनाथ म्हणाला, "जैसे थे." एका हुकुमाने नदी त्या बाजूने बांधली गेली, दुसऱ्याने या बाजूने. दोन्हीकडून बांधलेली नदी करणार काय? उभी राहिली. तटस्थनाथ मात्र उन्हाळी सुट्टी घेऊन जो झोपला तो उठलाच नाही.

दोन्ही राजधान्यांत साखर वाटली. नगारे वाजले. आणि मग कोणाच्या तरी ध्यानात आले, की भद्रकेतूची राणी चित्रांगी माहेराहून परत येत होती, आणि तिची नाव नदीच्या मधोमध उभी होती. राणी नावेत उभी, तोंड या तीराकडे, एक हात कपाळावर उन्हाला आडवा धरलेला. जो तिला आणायला पाण्यात उतरला त्याचा पाय जिथे टेकला तिथेच राहिला. असे चौघे उतरले. मग कोणी उतरेना.

राणीला एकच मुलगी. नाव इंदुलेखा. नदी उभी राहिली तेव्हा ती परकर सावरत घाटाच्या पायऱ्या उतरायला शिकत होती. आता ती बापाच्या खांद्याला लागली होती. तिला लहानपणापासून एक खोड होती, ती म्हणजे विचारण्याची. सूर्य मावळताना तांबडा का होतो, हत्तीला घाम येतो का, आणि आईसाहेब घरी कधी येणार. पहिल्या दोन प्रश्नांना दरबारात उत्तरे होती. तिसऱ्याला भद्रकेतू म्हणे, "निकाल लागला की."

एके दिवशी आरशात वेणी घालताना इंदुलेखेचा हात थांबला. आरशात आईसाहेब होत्या. तेच कपाळ, तीच हनुवटी, तेच वय. पुढच्या वर्षी मी आईपेक्षा थोरली होईन, हे तिच्या मनात आले. वेणी अर्धी टाकून ती बापाकडे गेली.

"आबामहाराज, हुकूम तुम्ही मागून घेतलात. तुम्ही परत का घेत नाही?"

"मी माझा घेतला तरी त्याचा उरतोच. शिवाय जो आधी घेतो तो हरला, असे जग म्हणते."

"मग त्यांनाही घ्यायला सांगा."

"त्याच्याशी मी बोलत नसतो," भद्रकेतू म्हणाला. म्हणताना त्याचे डोळे खिडकीतून नदीकडे गेले आणि भरून आले, पण पगडी जागची हलली नाही.

"मग मीच जाते," इंदुलेखा म्हणाली आणि गेली.

सात डोंगर चढली, सात डोंगर उतरली. गुहेच्या तोंडाशी एक साळुंकी बसली होती. ती न्यायासनाची पुकारा करणारी. वादी आला की त्याचे नाव पुकारायचे, हे तिचे काम. पण इतक्या वर्षांत कोणी पुकारण्याजोगे आले नव्हते, म्हणून ती आपलेच नाव पुकारून आपणच "हजर" म्हणत होती.

"राजकन्ये, मागे फिर," साळुंकी म्हणाली. "न्यायमहाराज झोपले आहेत. दोन्हीकडचे वकील येऊन ओरडून गेले. कोणी शंख फुंकले, कोणी ढोल बडवले."

"मग ते उठतात तरी कशाने?"

"कधी न ऐकलेल्या प्रश्नाने. पण त्यांनी ऐकला नाही असा प्रश्न तू कुठून आणणार? नदी कोणाची, हे तर त्यांनी इतक्यांदा ऐकले आहे, की आता त्यावर घोरतात."

इंदुलेखा आत गेली. तटस्थनाथ शिळेवर आडवा पडला होता. दाढी गुहेभर पसरली होती आणि दाढीत कोळ्यांनी घरे केली होती. ती त्याच्या उशाशी बसली आणि तिने प्रश्नांची पोतडीच मोकळी केली. आकाशाला मागची बाजू असते का? मुंग्यांत सासुरवास असतो का? मांत्रिक घोरत राहिला. थकून तिने तिच्या मनात खरोखर होते तेच विचारले.

"महाराज, त्या पलीकडच्या राजाला हवे तरी काय आहे?"

घोरणे थांबले. एक डोळा उघडला, मग दुसरा. "पुन्हा विचार," तटस्थनाथ म्हणाला.

"राजा वज्रबाहूला हवे काय आहे?"

मांत्रिक उठून बसला. दाढीतले कोळी पळाले. "दोन्ही फिर्यादी मला तोंडपाठ आहेत. ज्याने त्याने येऊन आपापली सांगितली. दुसऱ्याची कोणी विचारली नाही. तू पहिली."

"मग सांगा."

"एकाला दुसऱ्याच्या पाठीमागे सांगणे न्यायाला धरून नाही. सुनावणी व्हायला तीन गोष्टी लागतात. त्यांपैकी माझी झोप मोडण्याची एक तू केलीस. आता दोन राहिल्या. दोन्ही राजांना अशा जागी आण, जिथून नदी दिसते आणि जी दोघांपैकी कोणाची नाही. आणि त्यांच्या कानांतला कापूस त्यांच्या हातांनी निघू दे. बळजोरीने काढलेला चालणार नाही."

इंदुलेखा बाहेर आली आणि विचारात पडली. दोघांचीही नाही अशी जागा? दोघे तर नदीतल्या चंद्राच्या प्रतिबिंबावरही हक्क सांगत.

"हंड्याचे बेट," साळुंकी म्हणाली.

नदीच्या मधोमध एक खडकाळ बेट होते आणि त्यावर एक तांब्याचा हंडा. हंडा काठोकाठ मोहरांनी भरलेला, पण शापित. त्या बेटावर उभे राहून जो कोणी कशालाही "माझे" म्हणे, त्याचा आवाज जाऊन हंड्यात पडे. असली पीडा कोणाला हवी? भद्रकेतू म्हणाला होता, बेट त्यांचे. वज्रबाहू म्हणाला होता, त्यांनाच लखलाभ. साऱ्या खटल्यात दोघांनी टाकून दिलेली तेवढीच एक जागा होती.

"पण नदीत पाऊल टाकता येत नाही," इंदुलेखा म्हणाली.

"हुकमात पाणी आहे. हवा नाही," साळुंकी म्हणाली आणि तिने शीळ घातली. न्यायासनाचे समन्स बजावणारे करकोचे होते, ते झाडाझाडांवरून उठले. त्यांनी चोचींत दोऱ्या धरून झोळी केली, इंदुलेखेला तीत बसवले आणि साळुंकीला तिच्या खांद्यावर.

करकोचे नदीवरून निघाले, ते थेट राणीच्या नावेवरून. इंदुलेखेने खाली पाहिले. आईच्या भांगात कुंकू ओले होते. एकही केस पांढरा नव्हता. हात लांब केला असता तर भांगाला लागला असता, पण नाव पाण्यात होती आणि पाणी हुकमात होते. तिने हात आखडून घेतला.

पलीकडच्या दरबारात झोळी उतरली तेव्हा राजा वज्रबाहू सुकलेल्या विड्याच्या पानावर नुसताच चुना लावत बसला होता. जाडजूड माणूस, मिशा भरदार, आणि मुद्रा रुसलेली.

"भद्रकेतूची मुलगी माझ्या दरबारात? कशासाठी?"

"महाराज, हंड्याच्या बेटावर न्यायासन भरणार आहे. आबामहाराज तिथे आपले म्हणणे ऐकणार आहेत."

"कापूस न घालता?"

"कापूस न घालता."

वज्रबाहूचा चुन्याचा हात थांबला. "इतकी वर्षे मी ते त्याच्या तोंडावर सांगायला तरसलो आहे," तो हळू आवाजात म्हणाला, आणि मग आपण हळू बोललो याचाच राग येऊन ओरडला, "माझा शेला आणा."

मग झोळी अलीकडे आली. इंदुलेखेने बापाला सांगितले, "आबामहाराज, बेटावर राजा वज्रबाहू तुमचे म्हणणे ऐकणार आहेत." भद्रकेतूने पगडी बदलायला फक्त दोन दासी बोलावल्या. एरवी चार लागत. आपण दोन्हीकडे जे सांगितले ते घडेलच, याची इंदुलेखेला मुळीच खात्री नव्हती. उद्या हे फसले तर कोणताच राजा तिच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नव्हता आणि आईसाहेब तिथेच राहणार होत्या, मुलगी म्हातारी होऊन मेली तरी.

दुसऱ्या दिवशी तटस्थनाथ बेटावर येऊन हंड्याशेजारी बसला. करकोच्यांनी एका बाजूला भद्रकेतू उतरवला, दुसऱ्या बाजूला वज्रबाहू. साळुंकीने पुकारा केला. इतक्या वर्षांनी खरी नावे पुकारायला मिळाली, म्हणून तिने तो जरा लांबवलाच. आणि पुकारा झाल्याबरोबर दोन्ही राजांनी, रीतीप्रमाणे, कमरेचा बटवा सोडून कानांत कापूस घातला. दोघेही आपले सांगायला आले होते, ऐकायला कोणीच आले नव्हते.

त्यातून दोघांना घाई झालेली. दोघेही एकदमच उठले आणि एकदमच म्हणाले, "ही नदी माझी..."

हंड्यात दोनदा टण् वाजले. दोघांचे ओठ हलत राहिले, पण आवाज नव्हता. भद्रकेतूने गळा चाचपला. वज्रबाहूने आपल्या मिशा चाचपल्या, जणू आवाज तिथे अडकला असावा.

"वादी मुके, वादी बहिरे," तटस्थनाथ म्हणाला. "फिर्यादी मी वाचून दाखवीन. पण ऐकणार कोण?"

इंदुलेखा बापासमोर जाऊन उभी राहिली. बोलून उपयोग नव्हता. तिने त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला नदीकडे वळवले. राणीची नाव बेटापासून हाकेच्या अंतरावर होती. मग ती चार पावले मागे सरली आणि अशी उभी राहिली, की त्याला तिचा चेहरा आणि राणीचा चेहरा एका रांगेत दिसावेत. भद्रकेतू पाहत राहिला. त्याने या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर नजर नेली आणि परत आणली. राजवाड्यात मुलगी रोज डोळ्यांसमोर असून त्याला कळले नव्हते ते तिथे कळले. त्याने हात उचलले आणि आधी डाव्या, मग उजव्या कानातला कापूस काढला.

ते पाहून वज्रबाहूला आकाश ठेंगणे झाले. शत्रूने ऐकायला घेतले म्हणजे निम्मा दावा मान्य केला. तो कापूस घातल्या कानांनी ऐटीत खडकावर बसला.

तटस्थनाथ वाचू लागला. "राजा वज्रबाहूची फिर्याद. घाटावर धुतलेल्या कापडाची नीळ आमच्या पाटात येते. पानमळ्यांची पाने निळी आणि कडू होतात. आम्हाला रंगाऱ्यांशी वैर नाही. नीळ पाटात येऊ नये, एवढेच मागणे."

भद्रकेतूचे तोंड उघडेच राहिले. इतकी वर्षे त्याची समजूत होती, की वज्रबाहूला रंगाऱ्यांचा धंदाच बुडवायचा आहे. त्याने कपाळावर हात मारला. मग तो वज्रबाहूकडे पाहून काही पुटपुटला, पण मुकाच तो.

आता वज्रबाहूची काय अवस्था झाली असेल? समोर काहीतरी वाचले जाते आहे, ते ऐकून शत्रू कपाळ बडवतो आहे, आणि आपल्याला पत्ता नाही. तो बसल्या जागी इकडून तिकडे झाला. त्याने मिशी चावली. शेवटी कोणाचे लक्ष नाही असे पाहून त्याने एका कानातला कापूस किंचित सैल केला. मग काढला. मग दुसऱ्या कानातलाही काढून ठेवला, अगदी सहज, जणू खाज सुटली होती.

"राजा भद्रकेतूची फिर्याद," तटस्थनाथ म्हणाला. "बंधाऱ्यामुळे पाणी तुंबते आणि घाटापाशी ते संथ पडते. संथ पाण्यात नीळ निघत नाही, कापडावर डाग राहतात. आम्हाला पानमळ्यांशी वैर नाही. धुवायला वाहते पाणी असावे, एवढेच मागणे."

इंदुलेखेने दोघांकडे पाहिले. मग न राहवून तिने विचारले, "महाराज, घाट बंधाऱ्याच्या खाली नेला तर?"

"बंधाऱ्यावरून पडणारे पाणी जोराचे असते. कापड चांगले निघेल."

"आणि नीळ?"

"पाट बंधाऱ्याच्या वर आहे. नीळ पाटात जाणार नाही. खाली समुद्र आहे, त्याला निळे असण्याची सवय आहे."

"म्हणजे घाट थोडा खाली सरकवला असता, तर झाले असते?"

"झाले असते."

इंदुलेखा मटकन खाली बसली. "एवढ्यासाठी," ती म्हणाली. तिला हसू आले नाही. तिला इतका संताप आला, की तिने दोन्ही राजांकडे पाठ केली आणि गुडघ्यांत तोंड घालून ती रडली. बापाने तिच्या डोक्यावर हात ठेवायला हात पुढे केला आणि ठेवायचे धाडस न होऊन मागे घेतला. वज्रबाहू स्वतःच्या जोड्यांकडे पाहत होता.

"हुकूम ज्याने मागितला त्याने तोंडाने परत घ्यायचा," तटस्थनाथ म्हणाला. "तोंडे तर हंड्यात आहेत. हंड्यात स्वतःचा आवाज स्वतःला सापडत नाही. दुसऱ्याने शोधून द्यावा लागतो."

दोन्ही राजे हंड्याशी आले. दोघांनी बाह्या सारून मोहरांत हात घातले. आधी कोणाचा हात गेला, यावर पुढे पुष्कळ पंडितांनी डोके खाजवले. साळुंकीने पाहिले होते, पण ती सांगत नाही. वज्रबाहूच्या हाताला भद्रकेतूचा आवाज लागला, जरा घोगरा आणि उबदार. भद्रकेतूला वज्रबाहूचा सापडला, तो अपेक्षेपेक्षा फारच बारीक होता. त्यांनी ते एकमेकांना देऊन टाकले. आवाज गळ्यात गेल्याबरोबर दोघांनी एकदम म्हटले, "हुकूम परत घेतला." हंडा तडकला, मोहरा साध्या खड्यांसारख्या खडकावर पसरल्या, आणि त्यांचा शापही गेला.

आणि वेल्हाळा वाहू लागली. म्हशीने घोट गिळला. पाय अडकलेले चौघे धपकन पाण्यात बसले. निळीचे जुने पट्टे सोडून नदी बंधाऱ्यावरून कोसळली. दोन्ही काठांवर लोक धावत आले. त्याच दिवशी घाट खाली नेण्याचे ठरले आणि कापसाची रीत मोडली. वल्हे कोणत्या हाताने मारायचे, ते नावाड्यांवर सोपवले.

करकोच्यांनी बेटावरच्या सगळ्यांना घाटावर आणून सोडले, तोच राणीची नाव घाटाला लागली. चित्रांगी उतरली, जशी सकाळी माहेराहून निघालेली बाई उतरते तशी, घाईत, पदर सावरत. हातात एक गाठोडे होते. ती इंदुलेखेच्या अंगावरूनच पुढे गेली आणि खाली, गुडघ्याच्या उंचीला, कोणाला तरी शोधू लागली.

"इंदू कुठे आहे? तिच्या आजीने परकर दिला आहे."

मग तिने नवऱ्याचे पांढरे केस पाहिले. मग ती वळली आणि आपल्याच वयाची, आपल्याच चेहऱ्याची ती बाई तिने पाहिली. काय झाले ते तिला कोणी सांगण्याची गरज पडली नाही. गाठोडे तिच्या हातून सुटले आणि एवढासा लाल परकर पायरीवर पसरला.

"महाराज," ती तटस्थनाथाला म्हणाली, "यांना नदी मिळाली. माझी एवढीशी मुलगी मी कोणाकडे मागू?"

तटस्थनाथाने पुष्कळ वेळ विचार केला. "त्याला माझ्याकडे हुकूम नाही," तो म्हणाला आणि त्याने मान खाली घातली. दोन्ही राजांनीही घातली.

इंदुलेखेने खाली वाकून परकर उचलला आणि झटकला. तिला पुष्कळ विचारायचे होते, पण त्या घडीला एकही प्रश्न आठवेना. तिने तो आईच्या हातात दिला आणि तिच्याजवळ पायरीवर बसली. राणी परकर मांडीवर घेऊन बसून राहिली. तिचे डोळे गळत होते आणि हात उगाच कापडावरून फिरत होता. असे कितीतरी वेळ चालले. मग त्या हाताने काठ चाचपला, शिवण उलटून पाहिली, कापड ताणून पाहिले.

"कापड चांगले आहे," ती म्हणाली. तिने परकर उलगडला आणि मुलीच्या पाठीला लावून मापला. "याची तुझी चोळी होईल. सरळ बस."

इंदुलेखा सरळ बसली.

त्यांची नदी वाहिली तशी सगळ्यांची वाहो, आणि ज्याचे माणूस मधेच अडकले असेल त्याचे घाटाला लागो.